चारशे बाराचं झाकण

महारुद्र तीन स्क्रू ओठांत धरून चौथा फिरवत होता. मोबाइल समोरच्या तांब्याला टेकवून ठेवला होता आणि त्यातून पुण्याची उत्तरा त्याच्या हातांकडे बघत होती. झाकण सुटलं. आतल्या हिरव्या पट्टीवरची धूळ त्याने फडक्याने पुसली, स्क्रू वाटीत टाकले आणि नंबर वाचला.

"चारशे बारा."

उत्तराने पुन्हा वाचायला सांगितलं. त्याने पुन्हा वाचला.

"काका, झाकणावर तर चारशे अठरा आहे."

ते त्यालाही दिसत होतं.

चातक नावाचे कॉम्प्युटर करणारी ती कंपनी चाळीस वर्षांमागे थोडक्याच मशिनी करून बंद पडली होती. उत्तरा आणि तिच्यासारखे हौशी लोक त्यातली कोणती मशीन कुठे उरली आहे, ते नंबरावरून शोधत. नंबर लागला की ती पहिल्यांदा कुणी चालवली त्याचं नाव नोंदीत घालत. पण आतला आणि बाहेरचा नंबर एकच पाहिजे. दोन मोडक्यांची एक करून अस्सल म्हणून खपवणारेही होते. नंबर जुळला नाही तर नाव नाही, असा त्यांचा नियम होता, आणि उत्तराने तो आधीच सांगितला होता.

महारुद्रला नावच पाहिजे होतं. त्याच्या बायकोला, सविताला जाऊन वर्ष झालं नव्हतं. तेवढ्यात रेशनकार्डावरून, बँकेतून, गॅसच्या पुस्तकावरून, जिथे जिथे तिचं नाव होतं तिथे जाऊन तो ते कमी करून आला होता. ते घालायला सांगणारं हे एकच ठिकाण होतं. रविवारी मुलगा आदिनाथ पुण्याहून टेम्पो घेऊन येणार होता. सेलूचं घर भाड्याने जाणार होतं आणि बाप लेकाकडे. त्याआधी एवढं व्हावं, इतकंच त्याचं म्हणणं होतं.

घोटाळा कुठे झाला ते त्याला लगेच उमगलं. सविता शाळेत गणित शिकवायची आणि संध्याकाळी घरच्या पुढच्या खोलीत दोन चातकांवर पोरींचा क्लास घ्यायची. खंडेनवमीला लोक नांगर, विळे धुऊन पुजतात. महारुद्र आपल्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातली हत्यारं पुजायचा, आणि सविता तिच्या मशिनी. तो झाकणं काढून द्यायचा. ती रिठ्याच्या पाण्याने ती धुऊन गच्चीवर वाळत घालायची. पूजेची वेळ झाली की घाईघाईत बसवायची. दोन्ही झाकणं सारखीच. कोणत्या सालात कोणतं कुठे गेलं, कोण सांगणार?

दुसरी मशीन क्लास बंद झाला तेव्हा सविताने सत्यशीलाला देऊन टाकली होती. तिच्या हाताखालची सगळ्यात हुशार आणि सगळ्यात आगाऊ पोरगी. वालूरला दिलेली. सविता गेल्यावर तेराव्याला येऊन ती भांडी घासून गेली होती.

दुसऱ्या दिवशी महारुद्रने मशीन चादरीत बांधली, पेचकस खिशात घातला आणि वालूरची बस धरली.

सत्यशीलाचे केस आता निम्मे पांढरे होते. तिने आधी पाणी दिलं, मग चहा, आणि मग सुनावलं.

"बाई होत्या तवा कधी आला न्हाईत, काका. आता झाकण न्यायला आलात."

"तवा मोटारी लय जळायच्या," तो म्हणाला.

ती हसली. तिची मशीन आतल्या खोलीत जुन्या टीव्हीला जोडलेली होती. महारुद्रने वाकून झाकणावरचा नंबर पाहिला. चारशे बारा. त्याने पेचकस काढला, पण सत्यशीलाने तोवर बटण दाबलं होतं. मशीनने बारीक शीळ घातली. ती शीळ त्याने कित्येक वर्षांत ऐकली नव्हती; घरची मशीन केव्हाच बंद पडली होती. पडद्यावर हिरवी अक्षरं आली. दर गुरुवारी ती अशी चालू करते, म्हणाली, मुकी पडू नये म्हणून. सविताने शिकवलेला पाढ्यांचा प्रोग्राम तिने लावला. एकोणतीसचा पाढा सरसर खाली उतरला. महारुद्र खाटेवर बसला. पाढा संपला तरी तो पडद्याकडेच बघत होता.

मग तो म्हणाला, "आता बंद कर. दहा मिन्टांचं काम हाय. तुजं झाकण मला, माजं तुला."

"न्हाई काका. चालती मशीन खंडेनवमीबिगर उघडायची न्हाई. बाईंचा नियम हाय."

"अगं, ते ती पोरींना भ्या दाखवायला सांगायची. एक पोरगी रोज उघडून बघायची, म्हणून."

"ती मीच," सत्यशीला म्हणाली. "म्हणूनच मला मोडता येत न्हाई."

महारुद्रने उत्तराला फोन लावला आणि तो सत्यशीलाच्या हातात दिला. शिकलेल्या मुलीचं तरी ही ऐकेल, असं त्याला वाटलं. पण दोघी बराच वेळ बोलत बसल्या, मध्येच हसल्याही. फोन परत त्याच्याकडे आला तेव्हा उत्तरा सांगत होती की लोक मशीन उघडू देत नाहीत याची पुष्कळ कारणं तिने ऐकलीत, हे कधी नाही. नाव मात्र नंबर जुळल्यावरच घालता येईल.

"मी थांबते, काका. तुम्ही थांबाल का, ते बघा."

खंडेनवमी आश्विनात. हा तर चैत्र चालू होता. पेचकस त्याच्या मुठीतच होता, आणि खरं म्हणजे चार स्क्रूंचीच गोष्ट होती. सत्यशीला काही त्याचा हात धरणार नव्हती. ती टीव्हीशेजारचे डबे-बरण्या उचलून जागा करत होती. चादरीची गाठ सोडून सविताची मशीन तिने तिथे ठेवली आणि पदराने पुसली.

महारुद्रने आदिनाथला फोन लावला.

"टेम्पोवाल्याला नको म्हण."

आदिनाथने काय झालं, तब्येत बरी आहे ना, असं एकामागून एक विचारलं. कधीपर्यंत, तेही विचारलं.

"दसऱ्यापर्यंत."

एवढे दिवस त्या रिकाम्या घरात बसून करणार काय, असं पोरगं म्हणालं. ते त्याचं बरोबरच होतं.

"बसायला कुठं येळ हाय?" महारुद्र म्हणाला. "तुज्या आईची मशीन बंद पडलीय. ती चालू करायची हाय. गुरुवारी-गुरुवारी वालूरला येईन म्हणतो."

सत्यशीलाने कान दिलेलाच होता.

"चालू झाली की तिलाबी तोच नियम," ती म्हणाली. "आताच सांगून ठेवते."

महारुद्रने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला, मशीन स्वतःकडे ओढली आणि पहिल्या स्क्रूला पेचकस लावला.