आयान्थीचा उरलेला डोळा

त्या सकाळी ऑइस्टिन्सच्या बाजारात उडते मासे भरपूर आले होते. आयान्थी आपल्या फळीपाशी काटे काढत होती. मागच्या खुंटीवर तिची रविवारची टोपी टांगलेली होती.

"दवाखान्यात चाललीस की चर्चमध्ये?" शेजारच्या मर्लीननं चिडवलं.

"लेकीचा हट्ट. डॉक्टरांपुढं नीटनेटकं जावं म्हणे."

काचबिंदूनं आयान्थीचा डावा डोळा गेला होता. मागच्या वर्षी ऑपरेशन होऊनही गेला. उजव्यालाही आता कडांनी अंधार येत होता, आणि त्याचं काय करायचं ते आज ठरणार होतं.

आपल्या बार्बाडोसमध्ये म्हाताऱ्या माणसाला नटवून दवाखान्यात नेतात आणि त्याच्या डोक्यावरून डॉक्टर पोरांशी बोलतात. याला आपण माया म्हणतो. मला या मायेचा संताप येतो.

डॉक्टरांपुढं बसताच वेल्डानं, आयान्थीच्या शिक्षिका लेकीनं, नेहमीसारखी सूत्रं हातात घेतली. "मागच्या वर्षी डाव्यात बसवली, तशी बारीक नळीच ह्याही डोळ्यात बसवा, डॉक्टर."

"मी मागच्या वेळीही नको म्हटलं होतं," डॉक्टर वेल्डालाच म्हणाले. "नळीचं काम लवकर आटपतं, पण डोळ्यातला दाब फारसा उतरत नाही. यांचा दाब खूप आहे. डोळ्यातलं पाणी झिरपायला छेद देऊन वाट केली, तर जास्त उतरेल. फक्त नंतर बरेच आठवडे तपासायला आणावं लागेल, घरी जपावं लागेल."

"म्हणजे तेव्हा हे दुसरं ऑपरेशनही करता आलं असतं?" आयान्थीनं विचारलं.

वेल्डा खाली बघत म्हणाली, "आई, माझ्या शाळेत परीक्षा होत्या. तुला सारखं कोण आणणार? पोरांना कोण बघणार?"

"तू तर म्हणालीस, पहिल्यासारखं दिसेल."

"खरं सांगितलं असतं तर घाबरली असतीस."

"गेलेली नजर कुठल्याच ऑपरेशननं परत येत नाही," डॉक्टर म्हणाले. "उरलेली राखता येते." हेही ते वेल्डाकडे बघूनच बोलले.

परक्यानं फसवलं असतं तर आयान्थीनं भांडून घेतलं असतं. तिनं टोपी काढून लेकीच्या मांडीवर ठेवली. "ही घेऊन बाहेर बस."

मग खुर्ची डॉक्टरांसमोर ओढली. "आता मला सांगा. वाट केली तर काय बिघडू शकतं?"

डॉक्टर जरा ओशाळले. "जंतू शिरू शकतात. दाब गरजेपेक्षा जास्त उतरू शकतो. वाट बुजली तर पुन्हा काम करावं लागतं."

तिनं खोदून खोदून विचारलं, आणि शेवटी वाट करायचं स्वतः ठरवलं. तपासायला मर्लीन आणेल, नाहीतर बस आहेच, म्हणाली.

बाहेर वेल्डा टोपी कुरवाळत बसली होती. "आई, तुझ्या भल्यासाठीच केलं गं."

"मला विचारलं असतंस तर मीही कदाचित नळीच घेतली असती," आयान्थी म्हणाली. "तुझ्या पोरांसाठीच घेतली असती. पण तू विचारलंच नाहीस."