नवस कडूबाचा, पाय माझे

नवऱ्याचं नाव बायकोनं घेऊ नये म्हणतात. मी घेते. कडूबा. त्याचा नवस फेडताना माझ्या पायाचं काय झालं, तेही सांगते.

माझ्या पोटात कॅन्सरची गाठ निघाली. औरंगाबादला ऑपरेशन झालं, मग केमोच्या सलाइनी. केस गेले, ते परत आले. तळपाय मात्र गेले ते गेलेच. आधी मुंग्या, मग सगळं बधिर. पायातली चप्पल निसटली तरी मागून येणारं माणूस सांगायचं, तेव्हा कळायचं. डॉक्टर म्हणाले, "औषधानं नसा दुखावल्यात. अनवाणी बिलकुल चालू नका." कडूबा शेजारीच मान डोलवत होता.

घरी आल्यावर त्याची मान फिरली. "गाठ गेली ना? मंग आता पायाचं काय रडगाणं लावून राह्यली?"

सासूबाई म्हणाल्या, "काम दिसलं की बराबर बधिर व्हत्यात हिचे पाय."

त्याची मान फिरण्याचं खरं कारण वेगळं होतं. ऑपरेशनच्या दिवशी कडूबा राजूरच्या गणपतीला नवस बोलला होता: ही वाचली तर अंगारकीला आमच्या केदारखेड्याहून अनवाणी चालत येईल. ही येईल, तो नव्हे! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला काय जातं?

अंगारकी आली. मी म्हणाले, "मी जीपनं येते. डॉक्टर काय म्हनले व्हते, आठवा."

"अन् नवस फेडला न्हाई म्हनून गाठ परत आली तर?"

तिथं मी भ्याले. चप्पल काढून ठेवली.

रस्त्याचं काम चालू होतं. डांबर तापलेलं, कडेला खडी. बाकीच्या बाया पाय भाजले की सावलीला पळत होत्या. मी सरळ चालत राहिले. देवळाच्या पायरीवर शेजारची गोजरबाई ओरडली, "अगं बाई, रगत!"

अंगठ्याखाली काच घुसली होती. कधी, कुठं, देव जाणे. लोक जमले. "दुखत न्हाई का?" कुणीतरी विचारलं.

"न्हाई," मी म्हणाले.

तेवढ्यात कडूबा हात जोडून मोठ्यानं बोलला, "येवढी काच घुसली, पन तिला बिलकुल कळलं न्हाई! देवानं पाय झेलले तिचे!"

बायका माझ्या पाया पडू लागल्या. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. सहा महिने घरात जे खोटं होतं, ते देवळात खरं ठरलं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "देवानं न्हाई, सलाइनीनं!" मी ओरडले. "कवाची सांगून राह्यले मी!" शेजारी नारळ फुटत होते, घंटा वाजत होती. कुणी ऐकलं नाही.

घरी जखमेवर हळद बांधली. "देवाच्या दारचा घाव चिघळत न्हाई," कडूबा म्हणाला. मला दुखत नव्हतं, म्हणून कुणालाच घाई नव्हती. अंगठा काळा पडला, वास सुटला, तेव्हा कुठं जालन्याला नेलं.

डॉक्टरांनी कडूबापुढं कागद ठेवला. अंगठा आजच काढायचा, उशीर केला तर पाऊल जाईल. कडूबा माझ्याकडं वळला. डोळ्यांत पाणी. "काय करू? तूच सांग."

"नवस बोलताना इचारलं व्हतं का मला?" मी म्हणाले. "मंग आता कशाला इचारता? तुमचाच पाय हाय. करा सही."

त्यानं डोळे पुसले. त्यानं सही केली. मला त्याची जराही कीव आली नाही.