उलटी फिरकी

खांद्याच्या ऑपरेशननंतर बाईंचा उजवा हात छातीच्या वर जाईना. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि संध्याकाळी क्लबात टेबल टेनिस खेळायच्या. हाणून मारायचा त्यांचा फटका कायमचा गेला, तेव्हा क्लबच्या प्रशिक्षकांनी गोड आवाजात सुचवलं, "आता पंच व्हा ना. बसायला खुर्ची मिळेल."

"खुर्ची घरी आहे," बाई म्हणाल्या.

जोर नाही तर नाही. चेंडू रबराला घासला की फिरतो. फिरता चेंडू टेबलावर टेकला की टेबल त्याला पकडतं. सुलटा फिरत असेल तर तो पुढे झेपावतो, उलटा असेल तर अडखळतो. फळ्यावर शिकवलेलं हे सगळं बाईंनी आता मनगटाला शिकवायला घेतलं. सरावाला समोर नणंद. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. चेंडू भलतीकडे उडाला की ती ओरडायची, "वहिनी, हा तुझ्यावर गेलाय! सरळ वागायचं नावच नाही."

क्लबच्या स्पर्धेत बाई अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या. समोर प्रशिक्षकांचीच मुलगी, बाईंच्या निम्म्या वयाची. खेळ सुरू व्हायच्या आधी प्रशिक्षकांनी बाईंच्या बॅटवर अंगठा फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चिकट लागतंय. काहीतरी चोपडलंय. तपासावी लागेल."

"तपासा की. मी थांबते."

"थांबता येणार नाही. क्लबची बॅट घ्या, नाहीतर सामना सोडा."

नणंद बाह्या सरसावून उठली. बाईंनी तिला डोळ्यांनीच बसवलं आणि क्लबची बॅट हातात घेतली. वापरून वापरून तिचं रबर काचेसारखं गुळगुळीत झालं होतं.

पहिला गेम बघता बघता गेला. बाई घासायला जायच्या आणि चेंडू रबरावरून निसटून जाळीत पडायचा.

"हात दुखत असेल तर सांगा हं," प्रशिक्षक म्हणाले.

बाईंची कानशिलं तापली. मधल्या विश्रांतीत त्या रबरावर चेंडू घासून बघत राहिल्या. हे रबर धरतच नाही. म्हणजे फिरकी देता येणार नाही. पण मग आलेली फिरकी थांबवताही येणार नाही! पोरगी चेंडू सुलटा फिरवून मारते. तो इथून परतला तरी तसाच फिरत राहणार, फक्त जायची दिशा बदलणार. म्हणजे तिच्याकडे जाताना तो उलटा फिरत असेल.

दुसऱ्या गेममध्ये बाईंनी नुसती बॅट आडवी धरली. मुलीने सणसणीत फिरकी मारली, परतलेल्या चेंडूवर तसाच फटका चढवला, आणि चेंडू जाळीत. ती जितकी जास्त फिरवी, तितका तो खाली बुडे. दुसरा गेम बाईंचा.

तेवढ्यात पंच बाईंची बॅट घेऊन आले. "तपासली. काही चोपडलेलं नाही. घ्या."

"घ्या, घ्या," प्रशिक्षकही घाईने म्हणाले.

"नको. तुमच्याच बॅटने संपवते."

"वहिनी, वेडी झालीस का?"

"झाले!"

पोरगीही कच्ची नव्हती. तिसऱ्या, निर्णायक गेममध्ये तिने फिरकी द्यायचंच बंद केलं, आणि बाईंच्या बॅटला उसनं घ्यायला काही उरेना. गुण बरोबरीने सरकत राहिले. बाईंचा खांदा ठणकत होता, पण चेहऱ्यावर त्यांनी काही येऊ दिलं नाही. शेवटी बाईंना एकच गुण हवा असताना मुलीचा धीर सुटला. तिने जिवाच्या आकांताने फिरकी मारली. बाईंनी बॅट पुढे धरली. चेंडू शांतपणे परत गेला, मुलीने तो उचलून मारला, आणि तो जाळीवर आपटून तिच्याच बाजूला पडला.

तिने येऊन हात मिळवला. "हे मला शिकवाल?"

"उद्या ये."

प्रशिक्षक कप घेऊन पुढे आले. बाईंनी हात पुढे केला नाही. "चोपडलंय, हे सगळ्यांसमोर म्हणालात. नव्हतं, हेही सगळ्यांसमोर म्हणा."

ते पुटपुटले, "नव्हतं."

"मागे ऐकू आलं नाही!" शेवटच्या रांगेतून नणंद ओरडली.

त्यांना पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्याने.