टोपलीतलं लाकडी वांगं

या मित्रांनो, जरा जवळ सरका. आज तुम्हांला एका फजितीची गोष्ट सांगतो. फजिती माझीच, आणि तीही देवाच्या दारात झाली. म्हणून गोड मानून घ्या.

मी एक जुनं लाकडी वांगं आहे. रंग थोडा उडालाय, पोटावर विळीचा वण आहे. पण देठ अजून ताठ आहे! तेव्हा आमचा आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात होता. मुधोळच्या भागीरथाबाई वांगी पिकवत आणि घरचं बी पुड्या बांधून बाजारात विकत. मळ्यातलं सगळ्यांत देखणं वांगं त्या कधी खात नसत. त्याच्या देठाला लाल चिंधी बांधत आणि ते बियाण्याला राखत. सासूबाईंनी तसंच शिकवलं होतं.

एका वर्षी बाजारात बियाण्याच्या कंपनीची जीप आली. भोंग्यावर गाणी, पोरांना टोप्या, चकचकीत पाकिटं! सगळा बाजार तिकडे धावला. बाईंच्या पुड्या तशाच राहिल्या. त्यांचे यजमान चंपतराव वैतागले.

"या साली बी खपलं नाही, तर वांग्याचा मळा मोडतो अन् कापूस लावतो. मंग नको म्हणू नको!"

मळा मोडला, की सासूबाईंचं बी संपलं. बाई गप्प बसल्या नाहीत. चिंधीचं वांगं पदरात घेऊन त्या लाकडी खेळण्यांसाठी नावाजलेल्या निर्मल गावच्या कारागिराकडे गेल्या.

"अस्संच करून द्या, दादा. तसूभर मोठं नको."

"जाहिरातीला तर भोपळ्याएवढं करतेत, माय!"

"माह्या मळ्यात जेवढं येते तेवढंच करा. लोकायले खोटं काऊन दावू?"

असा मी जन्मलो. हलकं पांढरं लाकूड, चिंचोक्याच्या खळीचा लेप, वर जांभळा रंग. मला खऱ्या वांग्यांच्या टोपलीत बसवून बाई बाजारात हाळी देऊ लागल्या, "लाकडाचं वांगं कोणतं ते ओळखा, बियाची पुडी फुकट न्या! हात लावाचा नाही, नुसतं पाहाचं!"

काय सांगू मित्रांनो, जीपजवळची गर्दी आमच्याकडे लोटली! वामनराव मास्तरांनी चष्मा पुसून तीनदा खऱ्याच वांग्याकडे बोट दाखवलं. एका शेळीनं मात्र नेमकं मलाच तोंड लावलं. लोक पोट धरून हसले. मी गर्वानं फुगलो. पण हसून झालं, की लोक निघून जात. पुड्या थोड्याच खपत. चंपतराव नांगराचा फाळ घासू लागले.

तेवढ्यात गावात नामसप्ताह आला. शेवटच्या दिवशी कीर्तन आणि मग भंडारा. आमच्याकडे रीतच अशी, की देवाच्या रसोईला द्यायची टोपली निवडायची नाही. हात न घालता तशीच रिती करायची. चंपतरावांनी भक्तिभावानं बाजारातली टोपली उचलली आणि ओतली. त्यात मीही गेलो!

तिकडे कीर्तन रंगात आलं होतं. इकडे भाजी चिरणाऱ्या सोजरबाईंनी मला विळीवर धरलं. विळी पोटात रुतून बसली.

"अगं माय! हे वांगं हाय का खुंटा!"

बायकांचं हसू थेट मंडपात गेलं. कोणीतरी टोमणा मारला, "देवाले लाकूड चारतं का, भागीरथे?"

बाईंचं तोंड उतरलं. फसवणारी असं नाव पडलं, तर पुडीला कोण हात लावणार! चंपतराव पुटपुटले, "माहीच चूक, बुवा. मीच न पाहता ओतलं."

कीर्तनकार उत्तमबुवांनी टाळ थांबवले. मला मागवून हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि हसत चाल धरली,

"रंगे बोलाविले, चवीने राखिले..."

मग म्हणाले, "बापहो, रीत पाळली म्हणून हे इथं आलं. बोलावणं याचं काम होतं, ते यानं केलं. बाजारात बोलावणारे लई असतेत. पण जेवू कोण घालते, ते पाहा. आता पंगतीत बसा, भागीरथामायच्या वांग्याची चव घ्या, अन् मंग बोला!"

पंगत बसली. भाजीचं पातेलं तीन वेळा फिरलं. टोमणा मारणाऱ्यानंच चौथ्यांदा वाटी पुढे केली.

"माय, याचं बी हाय का वो?"

"हाय ना! पण आदी जेव," बाई म्हणाल्या. सगळा मंडप हसला.

त्या साली बाईंच्या घरात एक पुडी उरली नाही. चंपतरावांनी वांग्याचा मळा न मोडता नांगर दुसऱ्या शिवाराकडे वळवला, आणि पुढच्या सप्ताहाला टोपली ओतण्याआधी मला हळूच खिशात घातलं!

मित्रांनो, जाहिरात हाक मारेल, हसवेल, खुशाल हसा. पण आत काय आहे ते चाखून पाहा. आणि कधी मळ्यात देठाला लाल चिंधी बांधलेलं वांगं दिसलं, तर ते तोडू नका. हात जोडा आणि आमच्या भागीरथाबाईंची आठवण काढा.