मागे पाहा

"त्या बिचाऱ्याचं केवढं बुडालं असेल रे, बाळ्या!" चहाचा कप पुढे सरकवत ताई म्हणाली.

बावन्न वर्षांच्या बाळ्याने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. तीन मजले चढून आल्याची धाप अजून गेली नव्हती. बिचारा म्हणजे जगातल्या मोजक्या श्रीमंतांपैकी एक गुंतवणूकदार. आणि त्याची कीव करत होती ती चौतीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून पाय झिजवलेली, गुडघ्यांनी असहकार पुकारलेली त्याची मोठी बहीण.

भावजींनी मागे ठेवलेले शेअर्स विकायचे आणि याच इमारतीतलं तळमजल्याचं घर घ्यायचं, असं तिचं ठरलं होतं. मालक उन्हाळ्यापर्यंत थांबायलाही तयार होता. मग एका सकाळी वर्तमानपत्रात मथळा आला: 'बाजार कोसळणार? धनकुबेराची अब्जावधींची पैज'. त्या दिवशी भाव घसरले आणि घाबरून ताईने सगळे शेअर्स मिळेल त्या भावात विकून टाकले. पंधरवड्यात बाजार सावरला, पुढे चांगला वर गेला. हातात आलेल्या पैशांत मात्र घर बसेना. कालच ते दुसऱ्या कुणीतरी घेतलं.

मथळा बाळ्याचाच होता. सव्वीस वर्षं त्या वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानाला मथळे तोच देत आला होता. कचेरीत त्याला 'मथळेबुवा' म्हणत. पानावर त्याचं नाव कधीच नसे, पण ताई ते मथळे बातमीसकट कापून फाइलच्या पारदर्शक खणांत लावून ठेवी. आल्यागेल्याला ती फाइल तिने इतक्यांदा दाखवली होती, की लोक तिच्याकडे यायला बिचकत.

"ती बातमी पुरती वाचली होतीस का गं?" त्याने विचारलं.

"कशाला? मथळा तू दिलेलास ना? मग झालं. आणि आतलं अक्षर काय बारीक असतं!"

त्याला तो दिवस लख्ख आठवत होता. त्याने आधी लिहिलं होतं, 'धनकुबेराच्या शेअर्सना विम्याचं कवच'. वृत्तसंपादक म्हणाले, "बुवा, हे वाचून माणूस जांभई देईल." वेबसाइटवर कुठली बातमी किती जण उघडतात, याचे आकडे समोरच्या भिंतीवरच्या पडद्यावर पळत असत. बुवांनी दोन मिनिटांत दुसरा मथळा ठोकला. दुपारपर्यंत ती बातमी सगळ्यांच्या वर होती. लोकांनी पाठ थोपटली आणि खोटं कशाला बोला, त्यालाही बरं वाटलं होतं.

आता गप्प बसणं अगदी सोपं होतं. चूक धनकुबेराच्या माथी मारली गेलीच होती, आणि तो काही तीन मजले चढून तक्रार करायला येणार नव्हता.

"तू नको मनाला लावून घेऊस," ताई म्हणाली. "तू आपलं खरं तेच लिहिलंस. त्याचाच अंदाज चुकला."

हे मात्र त्याला गिळवेना. त्याला स्वतःची लाज वाटली.

"ताई, त्याचं काहीच बुडालं नाही. ती पैज नव्हतीच. त्याने आपल्या शेअर्सचा विमा उतरवला होता, भाव पडलेच तर भरपाई मिळावी म्हणून. शेअर्स आजही त्याच्याकडेच आहेत. अब्जावधी ही त्या शेअर्सची किंमत. खिशातून गेला तो नुसता हप्ता."

"हे छापलं होतं?"

"सातव्या परिच्छेदात."

"आणि तुला ठाऊक होतं?"

"हो."

ताई गुडघ्यावर हात रेटून उठली आणि कपाटातून फाइल घेऊन आली. आता ही ते कात्रण फाडणार, असं त्याला वाटलं.

"मग वर का नाही लिहिलंस?"

"दोन ओळींत मावत नव्हतं," तो म्हणाला. मग त्यालाच राहवलं नाही. "आणि मावलं असतं तरी कुणी वाचलं नसतं."

"आमच्याकडे केसपेपरवर मावलं नाही, म्हणून आम्ही अर्धं लिहून मोकळ्या होत नव्हतो. खाली लाल शाईने लिहायचो, 'मागे पाहा'. पुढच्या पाळीतली बाई कागद उलटायचीच. नाही उलटला, तर पेशंट हातचा जायचा."

तिने ते कात्रण खणातून काढलं, उलटं केलं आणि लाल पेनासह त्याच्यापुढे ठेवलं. मागे सोफ्याची अर्धी जाहिरात होती. सोफ्याच्या भोवतीच्या कोऱ्या जागेत बाळ्याने आत्ता सांगितलेलं सगळं लिहून काढलं. ताईने ओळीखाली बोट धरून ते शेवटपर्यंत वाचलं. मग कात्रण सुलटं करून मथळ्याच्या खाली आपल्या गोल अक्षरात 'मागे पाहा' लिहिलं आणि ते होतं त्या खणात परत सरकवलं.

बाळ्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि गार झालेला चहा ओठाला लावला. ताईने फाइल मिटली नाही. पानं मागे मागे उलटत ती थेट पहिल्या खणापाशी गेली. तिथलं पिवळं पडलेलं कात्रण अलगद काढून तिने त्याच्यासमोर ठेवलं.

"आता हा," ती शांतपणे म्हणाली. "याच्या मागे काय लिहायचं?"

बाळ्याने कप बाजूला ठेवला आणि पेनाचं टोपण पुन्हा काढलं.