पलीकडचा खांब

प्रज्योतने शिडीवरून आढ्यावर काठी आपटली आणि आवाज आला पोकळ, रिकाम्या डब्यावर आपटल्यासारखा. खाली शिडी धरून उभ्या गौरवीच्या डोळ्यांत भुसा पडला, तरी तिने मान खाली घातली नाही.

"हे कधीच पडायला हवं होतं," तो म्हणाला. "पलीकडून कशावर टेकलंय?"

प्रज्योत सरकारी इंजिनिअर, घरदुरुस्तीच्या अनुदानासाठी पाहणीला कारापुरात आलेला. पंचाईत अशी की घराचे दोन भाग, मध्ये पातळ विटांची भिंत, ती आढ्याखाली वीतभर कमी. अलीकडे गौरवी आणि तिची आई शेवंती, पलीकडे काका गुरुदास. आढं मात्र दोघांचं एकच. म्हणजे काकाची सही नाही तर अनुदान नाही, आणि अनुदान नाही तर हे छप्पर पुढचा पाऊस काढत नाही, असं त्याने सरळ सांगितलं.

शेवंतीने पदर खोचला. सही मागायला ती जाणार नव्हती. नऊ वर्षं ती त्या माणसाशी बोलली नव्हती. का, ते गौरवीला पाठ होतं. तिच्या बाबांचं बारावं, घर माणसांनी भरलेलं, आणि पलीकडे हा सख्खा भाऊ दिवसभर ठोकत बसला. ठक ठक ठक. एवढी पण कळ काढवली नाही त्याला.

"आढं पडलं तरी चालेल मला," शेवंती म्हणाली.

पण गौरवीच्या डोक्यात प्रज्योतचा प्रश्नच घुसलेला. ती त्याला घेऊन काकाच्या मागच्या दारी गेलीच. काका एकटा राहायचा. त्याने दोघांना बघितलं, काही न विचारता दार उघडलं.

आणि खोलीत खांब! फणसाचा, जाडजूड, भिंतीपासून हातभरावर, बरोब्बर स्वयंपाकघराच्या वाटेत. आत जायचं तर अंग तिरकं करावं लागायचं. कपाटाचं दार त्याला अडून अर्धंच उघडायचं. खांद्याच्या उंचीला घासून घासून लाकूड गुळगुळीत झालेलं.

प्रज्योतने वर टॉर्च मारला, इकडून तिकडे फिरवला.

"तुमच्या बाजूचं आढं तर ठणठणीत आहे. तुम्हाला याची गरजच नाही."

 काकाने प्रज्योतसाठी खुर्ची पुसली.

"कधी घातलास काका हा?" गौरवीने विचारलं.

"तुझ्या बापाशीच्या बाराव्याक." त्याने भिंतीपलीकडे हात केला. "थंयसर इतकी माणसां बसलेली. वयर आढा कर्रकर्र करी."

वीतभर फटीतून पलीकडे सगळं ऐकू जायचं. तिकडे शेवंतीच्या भांड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळाने मागच्या दारी शेवंती उभी होती. तिने खांब वरून खाली बघितला, पार बुडातल्या चिऱ्यांपर्यंत.

"संध्याकाळपर्यंत ठोकत होतास."

"खांब आखूड पडलो, वैनी. खाली चिरे घालूक लागले."

प्रज्योतने कागद पुढे केला. गुरुदासने चष्मा शोधला, सही केली. 

"साहेब, चहा घेऊन जा," शेवंती म्हणाली. अंग तिरकं करून ती खांबाच्या बाजूने आत गेली आणि आतूनच तिचा आवाज आला.

"साखर खंय ठेवतास रे?"