सोबत नेण्याजोगा

सुहासने दोन लॅपटॉप दोन तळव्यांवर घेतले आणि डोळे मिटले. मंडईत पपई घेतानाही तो असाच उभा राहायचा, मागे गिऱ्हाईक खोळंबलं तरी.

"उजवा जड आहे," डोळे उघडून तो म्हणाला.

"अंकल, वजन डिब्बे पर लिखा है," काउंटरपलीकडून शैलेंद्र म्हणाला.

"लिखा हुआ तो बैंक में भी बहुत रहता था."

सुहासची उभी नोकरी बँकेच्या कर्जविभागात झाली होती. गहाण ठेवलेला ट्रॅक्टर कागदावर निळा आणि अंगणात लाल निघतो, एवढं ज्ञान घेऊन तो निवृत्त झाला होता. उज्जैनच्या माधवनगरातल्या या दुकानात तो आज तिसऱ्यांदा आला होता. त्याची बायको प्रतिभा मात्र पहिल्यांदाच, आणि आल्यापासून काही बोलली नव्हती.

"बेटे के लिए?" शैलेंद्रने विचारलं.

"हाँ."

"क्या करता है?"

"इंदौर में. सॉफ्टवेयर टेस्टिंग. नानाखेड़ा से बस पकड़ के रोज अप-डाउन."

सगळं खरं होतं. फक्त गेल्या वर्षापर्यंतचं. प्रतिभाने काउंटरच्या काचेवरचा एक डाग बोटाने पुसला. तो निघेना. मग तिच्या लक्षात आलं, डाग आतल्या बाजूने होता.

"तो फिर हल्का ही लो. काम भी होगा, गेम भी चलेगा. धोखा नहीं देगा." शैलेंद्रने डावा पुढे सरकवला. "बैटरी काम में दिनभर चलेगी. गेम में घंटा-सवा घंटा, फिर चार्जर लगाना पड़ेगा."

"जहाँ जाना है वहाँ लाइट का भरोसा नहीं," सुहास म्हणाला.

"ट्रेकिंग?"

"वैसा ही समझो."

पुढल्या आठवड्यात अर्णवचं वर्षश्राद्ध होतं. तापाचं निमित्त झालं आणि चोविशीतला मुलगा गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. त्याच्या नावाने शय्यादान करायचं, म्हणजे गादी-उशीसकट पलंग आणि त्याच्या आवडीचं जे काही असेल ते ब्राह्मणाला द्यायचं, जेणेकरून वाटेत त्याला काही कमी पडू नये. छत्री, चपला, तांब्या, पांघरूण हे सगळ्यांचं ठरलेलंच असतं. प्रतिभाने त्यात लॅपटॉप घातला होता.

खरं तर दानाच्या वस्तूंचा उज्जैनमध्ये वेगळाच माल मिळतो, हे सुहासइतकं कुणाला ठाऊक असणार. पलंग असा, की त्यावर फक्त गेलेलाच माणूस झोपू शकेल, ज्याला वजनच उरलेलं नाही. छत्री उघडते, मिटत नाही. चपला दोन्ही एकाच पायाच्या निघाल्या तरी कुणी तक्रार घेऊन परत येत नाही. दानाचा पलंग संध्याकाळी गुरुजींकडून दुकानात परत जातो आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी स्वर्गात पोचवून येतो. असा एखादा पलंग आजवर इतक्या वेळा वर जाऊन आला असेल, की वाट विचारायची तर त्यालाच विचारावी.

म्हणूनच मागच्या खेपेला सुहासने शैलेंद्रच्या फळीवरचा एक लॅपटॉप हेरून ठेवला होता. बाहेरून शाबूत, आतून गेलेला. शैलेंद्र तो जवळजवळ फुकट द्यायला तयार होता. घरी येऊन सुहासने हे सांगितलं तेव्हा प्रतिभा पोळ्या लाटत होती.

"सुरू होतो का तो?"

"दान आहे गं. तिथे कोण बटण दाबून बघणार आहे."

प्रतिभाने पोळी तव्यावर टाकली. "त्याने तुमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती," ती म्हणाली. "आणि तुम्ही अजून भाव करताय."

ते खरं होतं. ऑफिसचा लॅपटॉप विटेसारखा जड, आणि त्यात खेळाला बंदी. घरचा जुना कॉम्प्युटर सुरू केला की पिठाची गिरणी लागल्याचा आवाज यायचा. काम आणि खेळ दोन्ही होईल, सोबत नेता येईल, मध्येच दगा देणार नाही, असा एक अर्णवला हवा होता. सुहासचं म्हणणं, एका यंत्राला दोन मालक नसावेत. परमनंट झालास की बघू. तोवर अर्णव त्या गिरणीवर डोंगरातल्या गाड्यांची शर्यत खेळायचा, एक पाय मुडपून बुडाखाली घेऊन. प्रतिभा जेवायला हाक मारायची. आतून उत्तर यायचं, "पाच मिनिटं, आई." पुन्हा हाक, पुन्हा पाच मिनिटं. तिसऱ्या हाकेला सुहास उठायचा, काही न बोलता मीटरच्या पेटीपाशी जायचा आणि मेन स्विच खाली ओढायचा. अंधारात मुलगा चाचपडत ताटावर येऊन बसायचा. ही शिस्त आपण घराला लावली असं सुहास चार लोकांत सांगतही असे.

आता दुकानात प्रतिभाने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"इसमें वो गाड़ियों वाला गेम डाल दोगे भैया? पहाड़ों वाला."

"डाल देंगे आंटी. सब लड़के वही खेलते हैं."

सुहासने डाव्या लॅपटॉपवर हात ठेवला. फळीवरच्या मेलेल्याकडे त्याने एकदा पाहिलं आणि पाठ केली. तरी सवय ती सवय. निघताना त्याने बॅग फुकट पदरात पाडून घेतली आणि कानावर बसणारे मोठे हेडफोनही. चार्जर तेवढा त्या बॅगेत मावेना.

"लैपटॉप इतना हल्का और चार्जर ईंट जैसा," तो कुरकुरला आणि चार्जर आपल्या कापडी पिशवीत टाकला.

श्राद्धाच्या दिवशी क्षिप्रेवर ऊन चढलं होतं. पिंडदान घाटावर झालं आणि पुढचं सगळं रामघाटाच्या वरच्या अंगाला, भय्यासाहेबांच्या घरी. भय्यासाहेब म्हणजे मराठी घरांचे उपाध्ये. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या लवाजम्याबरोबर आले, हे ते पहिल्या भेटीत सांगत आणि दक्षिणा घेताना पुन्हा आठवण देत. ओसरीवर पलंग मांडला होता. सुहासने तो दाबून पाहिला होता, हलवून पाहिला होता. खरा, माणसाचं वजन पेलणारा पलंग होता.

"दान माझा श्रीनाथ घेईल," भय्यासाहेब म्हणाले. "गेलेल्याच्या वयाचाच घेणारा असावा. आणि वस्तू वापरायची बरं का. न वापरता ठेवली तर पोचत नाही."

श्रीनाथ धोतर सावरत आला. बी.कॉम. झालेला, घाटावरच्या पूजांचं बुकिंग मोबाईलवर सांभाळणारा, सदा हसतमुख. सकाळपासून तो प्रतिभाला काकू काकू करत पाणी देत होता. त्याने चपला घालून दोन पावलं टाकली, छत्री उघडून मिटली, पलंगावर अंग टाकून उठला. मग लॅपटॉप मांडीवर घेतला आणि ओशाळून हसला.

"काकू, मला गेमबिम येत नाही हां. मोबाईलवर लूडो, बस."

"तुला येईल तसं खेळ," प्रतिभा म्हणाली. हेडफोन तिने स्वतःच्या हाताने त्याच्या कानांवर बसवले.

पहिल्यांदा गाडी सुटली आणि भिंतीवर गेली. मग दरीत. श्रीनाथ हसला, भय्यासाहेब हसले, सुहासनेही तोंड हसरं केलं. पुन्हा दरीत. भय्यासाहेबांनी मंत्र सुरू केले. आत त्यांच्या घरच्यांनी पानं वाढायला घेतली, वरणाचा वास ओसरीपर्यंत आला.

मंत्र चालू असताना केव्हातरी गाडी दरीत पडायची थांबली.

ते आधी प्रतिभाच्या कानांना कळलं. कळांचा आवाज बदलला होता. वळणाआधी दोनदा टकटक, मग एक लांब दाब. हा आवाज ती स्वयंपाकघरातून वर्षानुवर्षं ऐकत आली होती, कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता. तिने मान उचलली. श्रीनाथने एक पाय मुडपून बुडाखाली घेतला होता. चेहरा पडद्याच्या निळ्या उजेडात होता आणि हसू पार पुसलं गेलं होतं.

सुहासने तिच्याकडे पाहिलं नाही. ओसरीच्या कोपऱ्यात एक खांब होता, तो त्याकडे बघत राहिला.

"आता यजमानांनी विचारायचं," भय्यासाहेब म्हणाले. "तृप्त झालास का, म्हणून. त्याने झालो म्हटलं की आत्मा मोकळा. तुमचं देणं संपलं."

सुहासने विचारलं, "तृप्त झालास का?"

गाडी वळण घेत होती.

"मोठ्याने विचारा. ते कानाला लावलंय त्याने."

"तृप्त झालास का?"

काही नाही. भय्यासाहेब पुढे झाले. "श्रीनाथ! अरे ऐकू येतंय का? झालो म्हण." घाटावरची दोन कबुतरं उडाली, पण श्रीनाथची पापणी हलली नाही. त्यांनी त्याचा खांदा हलवला. खांदा हलला, बोटं आपली कळांवर चालूच राहिली.

"नाटकं करतोय मेला," ते म्हणाले, पण आवाज नेहमीचा लागला नाही.

प्रतिभा उठली नाही. बसल्या जागेवरून, शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही अशा बेताने ती म्हणाली, "चल, पान वाढलंय."

"पाच मिनिटं, आई."

पडद्यावरची नजर त्याने काढली नव्हती.

आतून कुणीतरी विचारलं, वरण वाढू का. मग भय्यासाहेबांनी भराभर दर्भ गोळा केले, पळी ताम्हनात टाकली.

"झालं. दान पोचलं. निघा तुम्ही. पायऱ्या उतरताना मागे बघायचं नाही, हाक आली तरी ओ द्यायची नाही, काही राहिलं असेल तर उद्या निरोप पाठवा. आज परत वर यायचं नाही. आलात तर तो इथेच घुटमळतो, मग माझ्याकडे येऊ नका."

दक्षिणा त्यांनी न मोजता कनवटीला लावली. असं ते करत नसत.

दोघं उतरू लागले. जिना अरुंद होता आणि दुपारीही गार. प्रतिभा पुढे होती, सुहास मागे. वरून तो आवाज येतच होता, दोनदा टकटक, एक लांब. खालच्या पायरीवर पोचताना सुहासच्या गुडघ्याला काहीतरी टणक लागलं. त्याने पिशवीत हात घातला.

चार्जर.

"काय झालं?" मागे न वळता प्रतिभाने विचारलं.

"हे राहिलं."

"उद्या निरोप पाठवायचा म्हणालेत."

"हो."

"आज वर गेलं तर काय होतं, तेही सांगितलंय."

"ऐकलं मी."

सुहासने चार्जर हातात तोलला. कामाला दिवसभर, खेळायला घंटा-सवा घंटा. मंत्रांना बराच वेळ लागला होता. थोड्या वेळाने पडदा आपोआप काळा होईल, वळणावरच, गाडी अजून रस्त्यावर असताना. श्रीनाथ भानावर येईल, कान चोळेल, झालो म्हणेल. दान रीतसर पोचेल. काही करायचं नव्हतं. नुसतं घरी चालत जायचं होतं.

प्रतिभा त्याच्याकडे बघत नव्हती. ती पायरीवर बसली आणि पदराने तोंड पुसू लागली, सावकाश, कुणाची तरी वाट बघायची असल्यासारखी.

सुहास वळला आणि जिना चढू लागला.

दारात भय्यासाहेब उभे होते. त्यांनी दोन्ही हात चौकटीला लावले.

"यजमान, मी सांगितलं होतं."

"चार्जर राहिला."

"उद्या द्या."

"उद्यापर्यंत बॅटरी टिकायची नाही."

भय्यासाहेबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात त्यांनी पुष्कळ यजमान पाहिले होते. रडणारे, भांडणारे, दक्षिणेत घासाघीस करणारे. हा त्यांतला नव्हता. त्यांनी एक हात खाली घेतला.

ओसरीवरचं ऊन सरकून पलंगाच्या पायाशी आलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीची खूण लाल झाली होती. श्रीनाथ तसाच बसला होता, पाय मुडपून. सुहास पलंगामागून गेला. खांबाला लागून विजेचा बोर्ड होता. बाजूला मीटरची पेटी, तिचं झाकण अर्धवट उघडं. त्याचा हात क्षणभर तिथे थांबला, ओळखीच्या जागी थांबावा तसा. मग त्याने खाली वाकून चार्जरची पिन बोर्डात बसवली, वायर पलंगाखालून नीट फिरवून घेतली, पायात येऊ नये अशी, आणि दुसरं टोक लॅपटॉपला जोडलं.

त्याने बटण दाबलं. लाल खूण हिरवी झाली.

तो खाली आला तेव्हा प्रतिभा तिथेच बसून होती. तिने मान न वळवता शेजारची जागा पदराने झटकली.

"काही बोलला का?"

सुहास खाली बसला. पिशवी आता हलकी झाली होती. तिची नीट घडी घालून त्याने गुडघ्यावर ठेवली.

"पाच मिनिटं म्हणतोय," तो म्हणाला.